चालती गाडी गरीब गाय, थांबली की मारका बैल: अ‍ॅडव्हेंचर बाईक, दोन वर्षांनंतर

दोन वर्षं झाली, २२ हजार किलोमीटर झाले, चार वेळा आडवी पाडून झाली, आता रिव्ह्यू लिहायला हरकत नाही. गाडी घेतल्याच्या दुसऱ्या आठवड्यात लिहिलेले रिव्ह्यू मी वाचतच नाही, तेव्हा माणूस प्रेमात असतो आणि प्रेमात असलेल्याला चेनची खडखडसुद्धा गाणं वाटते.

अ‍ॅडव्हेंचर बाईक म्हणजे डांबर आणि रानवाट दोन्हींवर चालवायची उंच गाडी. माझ्या गाडीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. मधल्या वजनाची आहे, दोन सिलेंडर, पुढे २१ इंची स्पोकचं चाक, मागे १८, सीटची उंची ८७० मिलीमीटर, टाकी फुल्ल असताना वजन २१० किलोच्या आसपास. खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं या जातीच्या कुठल्याही गाडीला लागू होतं, त्यामुळे आमची कंपनी भारी तुमची भंगार हे भांडण इथे नको. मला मुळात एकच गोष्ट सांगायचीये, ही गाडी चालत असताना तुमच्या शंभर चुका पोटात घालते आणि उभी असताना एकही नाही.

आधी चालतानाचं सांगतो. चांगला रस्ता चाललाय, वळण आलं आणि वळणापलीकडे अचानक रस्ताच उकरून ठेवलेला, नुसती खडी. आधीच्या गाडीवर माझं काय व्हायचं, पोटात गोळा, दोन्ही ब्रेक, पहिला गिअर, दोन्ही पाय खाली लोंबकळतायत आणि डोळे बरोब्बर त्याच दगडावर खिळलेत ज्याच्यावर जायचं नाहीये, आणि अर्थात गाडी त्याच दगडावर. या गाडीवर मी फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभा राहतो, गुडघे जरा वाकवलेले, टाकी गुडघ्यांत धरलेली, हँडल पक्षी धरल्यासारखं सैल, आणि गॅस एकसारखा. खाली गाडी तिची ती नाचत असते, हँडल डावी उजवीकडे झटके खातं पण आपण मधे पडायचं नाही, ती स्वतःच सरळ होते. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा खडी संपल्यावर मी गाडी वळवून परत त्याच खडीवरून गेलो. आणि मग तिसऱ्यांदा.

यात जादू काही नाही. मोठं चाक खड्ड्यात कमी बुडतं आणि दगडावर कमी कोनातून चढतं, शॉकअप वीस सेंटीमीटरपर्यंत दबतात त्यामुळे दणका हातापर्यंत पोचायच्या आधीच विरतो, आणि रुंद हँडलमुळे जोर कमी लागतो. याच गोष्टींचा डांबरावर उलटा हिशोब होतो हेही खरं. पुढचा टायर ९० मिलीमीटरचा, बारीक, त्यामुळे वळणात गाडी पटकन कलत नाही, तिला सांगावं लागतं. जोरात ब्रेक मारला की पुढून अशी वाकते की नमस्कारच करतीये. सवय होते. महिनाभरात मला कळायचंही बंद झालं.

हायवेवर काय, ठीक. सरळ बसणं, पाठ दुखत नाही, टाकी मोठी असल्याने पंपाची काळजी नाही. फक्त काचेचं एक नाटक आहे. पुढची काच उंच केली की वारा कमी लागेल असं आपल्याला वाटतं, पण काचेच्या वरच्या कडेवरून जो वारा फाटतो तो नेमका हेल्मेटवर येऊन आपटतो आणि डोकं डुगडुगायला लागतं, मी आधी उंच काच लावली, मग वर अजून एक पट्टी लावली, मग वैतागून सगळं काढून टाकलं तर सगळा वारा सरळ छातीवर आणि डोकं एकदम शांत. आणि ते चोच असलेलं हेल्मेट, फोटोत काय रुबाब दिसतो, पण ताशी शंभरला बाजूला मान वळवून बघा, कुणीतरी मागून वेणी ओढल्यासारखं होतं.

चोचीवरून आठवलं, गाडीलाही ती असतेच, हेडलाईटखाली पुढे आलेलं उंच मडगार्ड. १९८८ च्या सुझुकी डीआर बिगपासून ही चोच रस्त्यावरच्या गाड्यांवर दिसायला लागली, पॅरिस-डकार या वाळवंटातल्या शर्यतीत पळणाऱ्या गाड्यांवरून उचललेली. उंच मडगार्डचं खरं काम काय तर चाक आणि मडगार्डमधे चिखल अडकून चाक जाम होऊ नये. माझ्या गाडीला वर चोच आहे आणि खाली चाकाला चिकटून नेहमीचं मडगार्डही आहे. म्हणजे चिखल खालच्यात अडकतो आणि चोच वरून बघत बसते.

बरं, आता थांबलेल्या गाडीकडे येतो.

पहिल्यांदा पाडली ती कुठल्या डोंगरात नाही, नदीत नाही, फोटो काढायला थांबलो होतो. त्याआधी चांगले दोन तास रानवाट तुडवून आलो होतो, एकदाही पाय टेकला नव्हता, छाती फुगलेली. रस्त्याच्या कडेला घेतली, क्लच दाबला, उजवा पाय टेकायला गेलो तर तिथे जमीनच नव्हती. होती म्हणजे, चार बोटं खाली होती. तेवढ्या चार बोटांत खेळ खल्लास. गाडी आधी हळू कलते, तेव्हा वाटतं सावरतो मी, एका ठरावीक कोनापर्यंत खरंच सावरता येतं आणि त्याच्या पुढे एक सूतभर गेली की मग बाप जन्मात नाही. मी ओढत राहिलो आणि नंतर आठवडाभर कंबर धरून चाललो. तेव्हापासून एक नियम, कोन गेला की सोडून द्यायची, पाय बाजूला काढायचा आणि पडू द्यायची, क्रॅश गार्ड (इंजिनच्या दोन्ही बाजूंचे लोखंडी बार) त्यासाठीच असतो.

पडण्याचा आवाज फार मोठा नसतो. धप्प, मग काहीतरी प्लास्टिकचं कट्, मग पेट्रोलचा वास. आजूबाजूला कोणी बघतंय का हे आधी बघितलं जातं, गाडीकडे नंतर.

उचलायची पद्धत मला पडायच्या आधी कोणी दाखवली असती तर बरं झालं असतं म्हणून लिहून ठेवतो. किल स्विच बंद. गाडी उजवीकडे पडली असेल तर साईड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा, नाहीतर मोठ्या मुश्किलीने उभी केलेली गाडी पलीकडे जाऊन डावीकडे पडते, हसू नका, हे झालंय. गिअरमधे असली तर उत्तम, घरंगळत नाही. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवायचं, मग गाडीकडे पाठ करायची, सीटच्या कडेला ढुंगण टेकवायचं, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागचं कॅरिअर किंवा फ्रेमचा मजबूत भाग धरायचा, पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर छोटी छोटी पावलं मागे टाकत जायचं. पोटाने किंवा हाताने उचलायला गेलात तर डॉक्टरकडे जाल. आणि बॅगा भरलेल्या असतील तर आधी काढा, त्यात कमीपणा नाही.

हे वजन असं उंचावर का बसतं? पेट्रोल. २० लिटर म्हणजे जवळपास १५ किलो, आणि ते सगळं गुडघ्याच्या वर. टाकी अर्धी असताना जी गाडी शहाणी वाटते तीच फुल्ल केल्यावर पंपावरून वळवताना अंगावर येते. आणि एकूणच या गाड्या जाड होत चालल्यात. या प्रकाराची सुरुवात जिच्यापासून धरतात ती १९८० ची बीएमडब्ल्यू आर ८० जी/एस पेट्रोलसकट १८६ किलोची होती, नावातल्या जी आणि एसचा अर्थच मुळी रानवाट आणि रस्ता, आणि तिच्याच जातीच्या गाडीवर फ्रेंच रायडर ह्युबेर ओरिओलने १९८१ आणि १९८३ ची पॅरिस-डकार जिंकली. त्याच वंशातली आर १२५० जीएस २४९ किलोची. मधे ६३ किलो वाढले, म्हणजे एक अख्खा माणूस. ताकद, आराम, इलेक्ट्रॉनिक्स, सगळं वाढलं हे मान्य, चालताना ते वजन जाणवतही नाही. पण चार बोटांच्या खळग्यात ६३ किलो म्हणजे ६३ किलोच.

चढणं उतरणं हा वेगळाच कार्यक्रम. मागे टॉपबॉक्स आणि दोन्ही बाजूंना पेट्या लावल्या की टांग टाकायला जागाच राहत नाही, मग साईड स्टँडवर ठेवून डाव्या पेगवर उभं राहून घोड्यावर चढतात तसं चढायचं. पेट्यांबद्दल, ॲल्युमिनियमच्या चौकोनी पेट्या दिसायला एक नंबर, कुलूप लागतं, वर बसता येतं. पण रानवाटेवर पाय टेकत टेकत चाललात आणि पाय मागे गेला की पेटीची कड पोटरीवर येते, आणि पडलात तर पाय पेटीखाली. मी आता कापडी बॅगा वापरतो. कुलूप नाही, पावसात आतलं सामान प्लास्टिकमधे भरावं लागतं, पण हाडं शाबूत आहेत.

मेन्टेनन्स. इथे माझा एक राग आहे तो काढून घेतो. या गाड्यांचा मागचा शॉकअप लांब दबतो, आणि दबताना चेन ताणली जाते, म्हणून चेन मुळातच साध्या गाडीपेक्षा सैल ठेवायची असते, माझ्या मॅन्युअलमधे चाळीसेक मिलीमीटर ढील सांगितलीये. सर्व्हिसला टाकली, तिथल्या पोराला ती सैल चेन बघवली नाही, त्याने बिचाऱ्याने प्रेमाने मस्त टाईट करून दिली. मी घरी आलो, काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सामान लादून निघालो तर खड्ड्यात मागून दाणकन आवाज आणि गाडी एकदम दगडासारखी कडक. थांबून चेनला बोट लावलं तर सतार. गिअरबॉक्सचं बेअरिंग आणि स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं) त्या दिवशी वाचले हे माझं नशीब. तेव्हापासून पट्टी घेऊन मी स्वतः मोजतो आणि सर्व्हिसच्या कागदावर मोठ्या अक्षरात "चेनला हात लावू नये" लिहून देतो.

स्पोकच्या चाकाचं दुखणं म्हणजे ट्यूब. तारा रिमच्या मधोमध आरपार जातात, त्या भोकांतून हवा राहणार नाही म्हणून आत ट्यूब (काही महागड्या गाड्यांत तारा रिमच्या कडेला बसवतात, तिथे ट्यूबलेस चालतो, माझी नाही). म्हणजे मागचं पंक्चर झालं की चाक काढा, टायर रिमवरून सोडवा. टायरची कड रिमवरून सुटता सुटेना तेव्हा सोबतच्या मित्राच्या गाडीचा साईड स्टँड टायरच्या कडेवर ठेवला आणि त्याची गाडी त्यावर कलती केली, फस्सक् करून सुटली. नवी ट्यूब घातली, घाम पुसला, पंप मारला, हवा भरेना. टायर रिमवर चढवायला शेवटचा लिव्हर (लोखंडी पट्टी) घालताना मीच ट्यूब चिमटली होती. नवी कोरी. अंधार पडत होता आणि मित्र काहीच बोलत नव्हता, ते जास्त लागलं. आता ट्यूब घालायच्या आधी तिच्यात थोडी हवा भरतो, गोल राहते आणि लिव्हरखाली येत नाही.

रानवाटेवर हवा कमी करायची हे मात्र खरंच काम करतं. ३३ वरून २२ पीएसआयवर आणली तर टायर दगडाला धरून चालतो, त्याच्यावरून टुणटुण उड्या मारत नाही. परत डांबरावर आल्यावर भरायची विसरलात तर वळणात गाडी भाकरीच्या पिठासारखी लागते, आणि खड्ड्यात रिमला पोचा.

इलेक्ट्रॉनिक्समधली एकच गोष्ट डोक्यात जाते. मागच्या चाकाचं एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बंद करता येतं, खडीच्या उतारावर ते हवंच, कारण सैल जमिनीवर लॉक झालेलं चाक जरा खणत खणत थांबवतं आणि एबीएस मात्र सारखं सोडत राहतं. पण किल्ली बंद केली की सेटिंग परत मूळपदावर. उतारावर मधेच फोटोला थांबलो, इंजिन बंद केलं, परत चालू केलं, निघालो, ब्रेक दाबला तर पायाखाली टकटकटक आणि गाडी आपली खाली चाललीये निवांत. सुरक्षेसाठी असं ठेवलंय हे समजतं, पण त्या क्षणी तोंडातून जे निघालं ते इथे लिहिता येणार नाही.

बाकी बोल्ट सैल होतात, कच्च्या रस्त्यावर थरथर असते त्यामुळे होणारच, निळा लॉकिंग गोंद लावा, माझ्या कॅरिअरचा एक बोल्ट कुठे पडला माहीत नाही, तीन महिने केबल टायवर चाललं. ऑइल बदलायला आधी खालची बॅश प्लेट (इंजिनला दगडांपासून वाचवणारा पत्रा) सोडवावी लागते आणि तिच्यात साठलेला दोन वर्षांचा मुरूम थेट तोंडावर येतो, चष्मा घाला.

घ्यायची का विचारताय, तर टेस्ट राईड घेऊ नका. म्हणजे घ्या, पण नंतर, कारण चालवल्यावर तुम्ही प्रेमात पडणारच. आधी इंजिन बंद ठेवून, टाकी भरलेली असताना, थोड्याशा चढावर तिला मागे ढकलून दाखवा, मग वळवून परत जागेवर लावा, तेच बूट घालून जे रोज घालणार आहात. मी हे केलं असतं तरी घेतली असतीच, पण सोबत ती कमी उंचीची लो सीट घेतली नसती. वीस मिलीमीटर उंची कमी करायला कंपनीने आतला फोमच कापलाय, तासाभरात बूड बधिर. ती माळ्यावर पडलीये आणि मी जाड तळव्याचे बूट घेतले. पाय आता टेकतात. चार बोटं खोल खळगा असला तर अजूनही नाही.