साखारॉफ कुणाचा लावावा: यावलेन्स्कीचा की वेरेफ्किनचा?

नर्तक अलेक्झांडर साखारॉफचं एकच चित्र भिंतीवर लावायचंय आणि माझ्या भाचीचं काही ठरत नाही. दोन्ही १९०९ ची, दोघेही चित्रकार रशियातून म्यूनिकला आलेले.

अलेक्सेय यावलेन्स्कीने आपलं चित्र अर्ध्या तासाच्या आत रंगवलं असं सांगतात. साखारॉफ प्रयोगाला निघालेला, अंगावर वेश चढवलेला. यावलेन्स्की पुन्हा त्यावर हात फिरवेल या धास्तीने त्याने ते ओलं असतानाच उचलून नेलं. बरं झालं! लाल पोशाख, पावडरीने पांढरा झालेला चेहरा, काजळभरले डोळे. बाई की पुरुष, हे ठरवावंसंही वाटत नाही. खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही ते नजर खेचतं.

मारियान वेरेफ्किनचं चित्र टेम्पेरातलं (अंड्याच्या बलकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग), निळसर, अबोल. त्याला जवळून वेळ द्यावा लागतो.

यावलेन्स्कीचं मूळ चित्र पाहायला म्यूनिकचं लेनबाखहाउस हे कलासंग्रहालय सोयीचं; वेरेफ्किनसाठी स्वित्झर्लंडमधल्या आस्कोनापर्यंत जावं लागतं.

रियाजाच्या खोलीत रंगमंचावर पाऊल टाकण्याआधीची धडधड हवी असेल, तर यावलेन्स्की. वाचायच्या कोपऱ्यात रोज थोडं थोडं उलगडणारं काही हवं असेल, तर वेरेफ्किन. भाची नाचते, तिला मी पहिलंच सुचवलंय.