करवली कोण: सख्खी बहीण की जवळची मैत्रीण?

करवलीचं एक काम बोहल्यावर असतं, दुसरं नवरीच्या खोलीत. दमवतं ते दुसरं.

मंगलाष्टकांच्या वेळी नवरीमागे कऱ्हा-दिवा घेऊन बहीणच शोभते, यात वाद नको. तिला एवढंच सांगा, की तांब्या पाऊणच भर. काठोकाठ पाणी पहिल्याच धक्क्याला नवरीच्या साडीवर जातं. नारळ तोंडावर नीट बसतो का, ते आदल्या दिवशी बघावं. निरांजन हॉलच्या पंख्याखाली विझतं, तेव्हा काडेपेटी जवळ हवी आणि ज्योत गजऱ्यापासून हातभर लांब.

खोलीत मात्र बहीण टिकत नाही. अष्टपुत्री बदलून शालू नेसवायला अर्धा तास सहज जातो, आणि नेमकं तेव्हाच दार वाजतं. आहेराची पिशवी कुठंय, भटजींना सुपारी हवी, मामांना किल्ली हवी. घरातलं सगळं तिलाच ठाऊक, म्हणून हाकाही तिलाच. ती अर्ध्या निऱ्या कुणाच्या तरी हातात देऊन जाते, त्या खालीवर होतात, पुन्हा पहिल्यापासून घालाव्या लागतात. दादर-पार्ल्याच्या हॉलवर वेळ मोजून मिळालेली असते. हा उशीर थेट पंगतीवर येतो. आमच्याकडच्या लग्नात याच एका कटकटीपायी खोली मैत्रिणीच्या ताब्यात दिली.

तिला कुणी ओळखत नाही, हाच तिचा गुण. पिशवीत लहान-मोठ्या सेफ्टी पिना, मुंडावळ्या अंबाड्याला अडकवायला यू पिना, सुई-दोरा, टिकल्या, लिपस्टिक न पुसता पाणी प्यायला स्ट्रॉ. पदराच्या पिनेत आधी एक मणी ओवायचा, म्हणजे पदराची जर पिनेच्या वळशात अडकून फाटत नाही.

उणीवही आहेच. मैत्रीण वरमाईलाही दाराबाहेर थांबवू शकते, म्हणून चार मानाचे चेहरे तिला आधीच दाखवून ठेवा. लग्न रविवारी आणि ती बदलापूरची असेल, तर मेगाब्लॉकमध्ये लोकलच्या भरवशावर न राहता आदल्या रात्री घरीच मुक्कामाला बोलवा.

तुमच्याकडे माणसं मोजकी असतील, तर एकटी बहीणही निभावून नेईल. एरवी खोलीसाठी मी मैत्रीणच सुचवेन. मानाची साडी दोघींनाही घ्या, बहिणीची आधी. फक्त मैत्रिणीला नेसवणं उरकेपर्यंत सलवार-कमीजवरच राहू द्या. निऱ्या धरायला तिला जमिनीवर बसायचं असतं.