ड्रोन लायडार सर्व्हे: पैसे नेमके कशाचे द्यावेत

मुळशीत आमच्या प्लॉटधारकांच्या सोसायटीच्या डोक्यावर मोठा उतार आहे. ३० जुलै २०१४ ला माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं, तेव्हापासून पावसाळा आला की मीटिंगला तोच विषय. शेवटी कमिटीने पुण्यातल्या एका सर्व्हे कंपनीला लायडारचं, म्हणजे ड्रोनवरून लेझर मारून जमिनीची उंची मोजायचं, काम दिलं. माझी नोकरी पीडब्ल्यूडीत झालेली, म्हणून देखरेख माझ्या गळ्यात.

उड्डाण मे महिन्यात केलं, हे उत्तम. झाडोरा विरळ असला की लेझर फटींतून जमिनीपर्यंत पोचतो. लेझरच्या एका पल्सचे, म्हणजे झोताचे, अनेक रिटर्न (परत येणारे किरण) येतात आणि शेवटचा बहुधा जमिनीचा असतो. नुसत्या फोटोंवरून केलेल्या सर्व्हेत करवीचे शेंडेच मोजले जातात. परवानग्या कंपनीने काढल्या, पोरं वेळेवर आली, तक्रार नाही.

झाडं काढून टाकलेला हिलशेड, म्हणजे उजेड-सावलीत चढउतार दाखवणारा नकाशा, स्क्रीनवर आला तेव्हा मात्र मी खुर्ची पुढे ओढली. उजेडाची दिशा बदलल्यावर एका जागी कमानदार कडा उठून दिसली, खाली जमिनीचा फुगवटा; ही घसरणीची खूण. जागेवर गेलो तर करवीत गुडघाभर उंचीची पायरी, मुरूम उघडा पडलेला. गावातले लोक तिथून रोज गुरं नेतात.

रिपोर्टचं काय सांगावं! घसरणीच्या कडा म्हणून मारलेल्या लाल रेघांनी पानं भरली होती आणि त्यातल्या बऱ्याच रेघा म्हणजे भातखाचरांचे जुने बांध. बांध समपातळीत धावतो; घसरणीच्या कडेची टोकं उताराकडे खाली वळतात. एसीत बसून रेघा मारणाऱ्याला हे कोण सांगणार? आम्ही वेगळे पैसे देऊन भूगर्भतज्ज्ञ नेले, त्यांनी चालत चालत निम्म्या रेघा खोडल्या.

दाट रानाच्या पट्ट्यात जमिनीचे पॉइंट (लेझरने मोजलेले बिंदू) कमी मिळतात, मग सॉफ्टवेअर मधली जागा अंदाजाने भरतं आणि नकाशा गुळगुळीत दिसतो. तो भाग सुरक्षित आहे असं धरू नका. ग्राउंड पॉइंटची घनता दाखवणारा नकाशा मागा. वर्गीकरण केलेली लास फाइलही मागा, म्हणजे जमीन आणि झाडं वेगळी केलेले सगळे मूळ पॉइंट. आम्हाला आधी पीडीएफवर बोळवलं होतं, फाइलसाठी फोनवर फोन करावे लागले. थ्रीडी व्हिडिओचे पैसे वाचवा, तो व्हॉट्सॲपवर फिरवण्यापुरता.

उतार आज सरकतोय का, हे एका उड्डाणात कळत नाही. पुढच्या मेमध्ये पुन्हा उडवून दोन्ही नकाशांतल्या उंची एकमेकींतून वजा करायच्यात. काम याच कंपनीला देऊ, पण भूगर्भतज्ज्ञाची पायी पाहणी कोटेशनमध्ये असेल तरच.