मोडी पत्र वाचून घेतलं, पैसे वसूल

पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीत होते, त्यांचं १९१६ चं मोडीतलं पत्र घरात कोणालाच वाचता येईना, म्हणून पेठेतल्या एका मोडीवाल्या काकांकडे दिलं. काम एक नंबर!! पत्रात गावाचं नाव कुठेच नाही, कारण सेन्सॉर असायचा, नुसतं 'बोटीने आलो, मग मोठ्या नदीतून आगबोटीने नव्या छावणीत, दोन्ही काठाला खजुराची झाडं' एवढंच. काकांनी त्यावरून सांगितलं की हे इराकमधलं बसरा बंदर आणि पुढे तैग्रिस नदी, तेव्हा तिच्या काठच्या कुत गावात आपलं (म्हणजे ब्रिटिशांचं हिंदी) सैन्य तुर्कांच्या वेढ्यात अडकलेलं आणि सोडवायला जाणाऱ्या पलटणी, दाणागोटा सगळं मुख्यतः नदीनेच वर जायचं (शेवटी २९ एप्रिलला कुत पडलंच). आणि एवढ्या सगळ्यात पणजोबा आईला विचारतायत म्हैस व्याली का 😄

रेट पानामागे आहे, थोडा जास्तच वाटला, आणि फोन पटकन उचलत नाहीत. पण जो शब्द लागला नाही तिथे अंदाजाने काही ठोकून न देता जागा मोकळी सोडलीये, हे मला फार आवडलं. मूळ कागद देऊ नका, नीट स्कॅन करून पाठवा, मोबाईलचा पिवळट फोटो ते परत पाठवतात.