सळीचा डिजिटल तापमापक: आकडा खरा, पण उशिराचा

फोंड्याच्या बाजारात ६५० रुपयांना घेतलेला हा तापमापक गेल्या दोन चवथींपासून माझ्या स्वयंपाकघरात आहे. वेष्टणावर ‘तत्काळ तापमान’ असे छापले आहे आणि माझे बहुतेक म्हणणे त्या ‘तत्काळ’विषयीच आहे.

अचूकतेबद्दल तक्रार नाही. बर्फाच्या पाण्यात तो ०.३ अंश दाखवतो, उकळत्या पाण्यात ९९.६, या किमतीत ते पुरे. मात्र ३० अंशांच्या पाण्यातली सळी उकळत्या पाण्यात घातल्यावर ७४ अंश दिसायला ६ सेकंद लागले. ७४ हा आकडा मी मुद्दाम निवडला होता, कारण ७० अंशांच्या अंतरापैकी सुमारे ६३ टक्के कापायला लागणारा वेळ म्हणजे उपकरणाचा कालस्थिरांक. त्याच्या तिप्पट वेळात ९५ टक्के आणि पाचपट वेळात, म्हणजे इथे अर्ध्या मिनिटात, ९९ टक्क्यांहून थोडे अधिक अंतर कापले जाते. आकडा आधी धावतो आणि मग रेंगाळतो. विसाव्या सेकंदाला तो स्थिरावल्यासारखा वाटतो, तेव्हाही अडीच अंश बाकीच असतात.

नेवऱ्या तळताना खरी परीक्षा होते. तेल पाण्याइतक्या झपाट्याने सळीला उष्णता देत नाही, त्यामुळे तिथे हाच काळ १० सेकंदांवर गेला. मिनिटाला १८ अंशांनी तापणाऱ्या तेलात तापमापक त्यामुळे सतत ३ अंश मागे राहतो, आणि हे कळल्यापासून मला १७० अंश हवे असतील तर मी १६७ दिसताच आच मंद करते. चूक ठरावीक असली की तिच्याशी जमवून घेता येते.

ओव्हनच्या हवेत मात्र जमत नाही. तिथे कालस्थिरांक जवळजवळ एक मिनिट भरला. आमच्या ओव्हनची कांडी साधारण ६ मिनिटांच्या आवर्तनाने चालू-बंद होते. अशा वेळी तापमापक खऱ्या चढउताराचा जेमतेम ७० टक्के भाग दाखवतो, तोही पाऊण मिनिट उशिरा. पडद्यावर ओव्हन शांत दिसतो आणि केकची कड करपते.

टोपणाची क्लिप पहिल्याच महिन्यात मोडली, बॅटरी अजून पहिलीच आहे. दुकानात निमुळत्या टोकाचा दुसरा नमुनाही होता, २०० रुपयांनी महाग. टोकात धातू कमी म्हणजे ते तापायला वेळही कमी, हे ठाऊक असूनही मी स्वस्त तोच उचलला.