'हे पाणी आहे, चरबी नाही' : पीक वीक पॅकेजच्या नावाखाली झालेली फसवणूक

नॅचरल, म्हणजे बंदी असलेली औषधं न घेता होणाऱ्या बॉडीबिल्डिंगच्या स्पर्धेची तयारी करणाऱ्यांनी, त्यातही पहिल्यांदा स्टेजवर जाणाऱ्यांनी, हे नीट वाचावं. स्पर्धा तोंडावर आल्यावर आमच्या कोचने आमच्या टीमला 'पीक वीक'चं, म्हणजे स्पर्धेआधीच्या शेवटच्या आठवड्याचं, पॅकेज विकलं. त्यात प्रत्येकासाठी 'खास बनवलेला' कार्ब (कर्बोदकं), मीठ आणि पाण्याचा तक्ता होता आणि सोबत कॅप्सूलची एक डबी. डबीवर नुसती वनस्पतींची नावं. स्पर्धेनंतर त्या कॅप्सूल लॅबमध्ये तपासून घेतल्या, तेव्हा त्यांत फ्युरोसेमाइड निघालं. लघवी वाढवणारं हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घ्यायचंच नसतं आणि वाडाच्या (WADA, जागतिक उत्तेजकविरोधी संस्था) बंदी यादीत ते एस ५ गटात येतं. स्पर्धेचा दिवस असो की नसो, त्याच्यावर कायम बंदी आहे. आमच्यातला एक मुलगा आपल्या गटात पहिला आला, डोप टेस्टमध्ये अडकला आणि पदक घालवून बसला. मला स्टेजवरून थेट हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं.

हे पॅकेज गळ्यात कसं मारलं जातं ते आधी सांगतो, कारण बचाव करायचा तर तिथेच करता येतो.

प्रेपच्या, म्हणजे स्पर्धेच्या तयारीच्या, शेवटी माणूस अर्धमेला झालेला असतो. झोप तुटक, डोक्यात सतत खाण्याचे विचार, आणि आरसा दर तासाला वेगळं काहीतरी दाखवतो. सकाळी बरा दिसणारा माणूस संध्याकाळी सुजल्यासारखा दिसतो. अशा वेळी कुणी ठाम आवाजात बोललं की ते खरंच वाटतं. आमच्या कोचने नेमकी हीच वेळ साधली. दर महिन्याची फी आम्ही भरतच होतो. शेवटच्या आठवड्याचे पैसे वेगळे द्यावे लागतील हे तोपर्यंत एकदाही कानावर घातलं नव्हतं. "इतके महिने घासलीस, आता शेवटच्या पायरीला मागे हटणार?" एवढंच विचारलं त्याने. त्यावर नाही कोण म्हणेल?

माझी बेंबीखालची घडी अजून गेली नव्हती. मी म्हटलं, "सर, इथे अजून जाड वाटतंय." त्याने दोन बोटांत ती घडी धरली, डावीउजवीकडे हलवली आणि म्हणाला, "ही चरबी नाही रे. पाणी आहे पाणी. चरबी असती तर अशी हलली असती का?" मग त्या वजनकाट्यासारख्या बॉडी स्कॅन मशीनवर उभं केलं आणि कागदावर 'बाहेरचं पाणी' असा आकडा दाखवला. झालं, पटलं.

आता खरी गोष्ट ऐका. त्वचेची घडी चिमटीत धरून कॅलिपरने (जाडी मोजायच्या चिमट्याने) मोजतात ती चरबीच मोजायला. आणि ते मशीन पायातून बारीकसा विद्युतप्रवाह सोडून अंदाज बांधतं. तुम्ही नुकतेच जेवला आहात का, पाणी कधी प्यायलात, व्यायाम कधी केलात, यावर तो अंदाज हलतो. कुठल्या त्वचेखाली किती पाणी आहे हे ते सांगू शकत नाही. प्रामाणिक कोचला मला एकच गोष्ट सांगावी लागली असती: तू अजून तयार नाहीस, तुला आणखी तीनचार आठवडे लागतील, ही स्पर्धा सोड. ते सांगितलं असतं तर त्याच्या टीममधून एक नाव कमी झालं असतं. त्यापेक्षा चरबीला पाणी म्हणणं सोपं, कारण पाणी काढायची कॅप्सूल विकता येते.

आता तक्ता. सुरुवातीला कार्ब जवळजवळ बंद, मग एकदम डोंगराएवढे कार्ब. मीठ आधीच बंद. पाणी सुरुवातीला भरमसाट, मग निम्मं, मग घोटभर, शेवटी काहीच नाही. माझ्या तक्त्यात एका ओळीत दुसऱ्याच कुणाचं नाव राहून गेलं होतं. विचारलं तर म्हणाला, टायपिंगची चूक. स्पर्धेनंतर आम्ही सगळ्यांनी आपापले तक्ते शेजारी ठेवले, तेव्हा कळलं की फाइल एकच होती, वरचं नाव तेवढं बदललेलं. माझं वजन ७८ किलो आणि आमच्यातल्या एका मुलीचं ५२. दोघांनाही लोडिंगच्या, म्हणजे भरपूर कार्ब खायच्या, दिवशी ७०० ग्रॅम कार्ब. म्हणजे मला किलोमागे साधारण ९ ग्रॅम आणि तिला १३ च्या वर. तिचं पोट इतकं फुगलं होतं की तिला सरळ उभं राहवत नव्हतं.

कार्ब लोडिंग हे मुळात थोतांड नाही, म्हणूनच लोक फसतात. १९६६ मध्ये बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन या स्वीडिश संशोधकांनी एका पायाने सायकल मारून तो पाय थकवला, नंतर भरपूर कार्ब खाल्ले आणि सुईने स्नायूचा तुकडा काढून पाहिलं. थकवलेल्या पायात ग्लायकोजेन (स्नायूत साठवलेले कार्ब) दुसऱ्या पायापेक्षा कितीतरी जास्त साठलं होतं. तिथून ही पद्धत लांब पल्ल्याच्या धावपटूंकडे गेली आणि मग आपल्याकडे, बॉडीबिल्डिंगमध्ये आली. पण ग्लायकोजेन एकटं साठत नाही. एका ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी स्नायूत जातं. हिशेब करा: ३०० ग्रॅम ग्लायकोजेन भरायचं तर ९०० मिलीच्या आसपास पाणी लागणार. तुम्ही प्यायचं बंद केलंत तर ते येणार कुठून? रक्तातून. रक्तातलं पाणी घटलं की शिरा बसतात आणि पंप (स्नायू रक्ताने फुगणं) येत नाही. टाकी कोरडी करून नळ सोडल्यासारखा हा प्रकार आहे.

'त्वचेखालचं पाणी काढून स्नायूत घालतो' हे वाक्य प्रत्येक पीक वीक विकणाऱ्याच्या तोंडी असतं. शरीरातलं साधारण दोन तृतीयांश पाणी पेशींच्या आत असतं आणि स्नायूचा जवळपास तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. पाणी तोडलं की ते दोन्हीकडून जातं. फक्त त्वचेखालून काढायची सोय शरीरात नाही. शिवाय शरीर गप्प बसत नाही. मीठ तोडलं की अल्डोस्टेरोन हे हार्मोन वाढतं आणि मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं. पाणी तोडलं की व्हॅसोप्रेसिन हे हार्मोन वाढतं आणि लघवी आटते. वरून ढीगभर कार्ब आले की इन्सुलिन वाढतं आणि तेही मूत्रपिंडाला सोडियम धरायलाच लावतं. ग्लुकोज आतड्यातून रक्तात जाताना सोबत सोडियम लागतं, म्हणून तर ओआरएसमध्ये साखर आणि मीठ दोन्ही असतात. आमच्या तक्त्यात साखर होती, मीठ नव्हतं आणि पाणीही नव्हतं.

काही जण म्हणतील, कुस्तीवाले, बॉक्सिंगवाले पाणी तोडतातच की. ते वजनकाट्यावरच्या आकड्यासाठी तोडतात, आणि वजन झाल्यावर खाऊन पिऊन सावरायला त्यांना थोडा तरी वेळ मिळतो. आपण नेमके सगळ्यात सुकलेल्या अवस्थेत स्टेजवर उभे राहतो. त्यांची पद्धत उचलून आपल्याला विकणं हीच मुळात लबाडी आहे.

कॅप्सूल घेतल्यावर तासाभरात लघवीला जावं लागलं. मग पुन्हा. मग पुन्हा. रात्रीची झोप बाथरूमच्या फेऱ्यांतच गेली. कानात बारीक शिट्टी वाजल्यासारखं होत होतं आणि उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. कोचला कळवलं तर उत्तर आलं, "छान, काम करतंय." आमच्या टीममधल्या त्या मुलीने लिहिलं होतं, "सर, छातीत खूप धडधडतंय." तिला उत्तर होतं, "नर्व्हस आहेस, झोप." हा मेसेज मी आजही उघडून वाचतो तेव्हा हात थरथरतात. फ्युरोसेमाइड मूत्रपिंडात सोडियमबरोबर पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही बाहेर टाकतं. त्यात इन्सुलिन रक्तातलं उरलंसुरलं पोटॅशियम पेशींमध्ये ढकलतं. म्हणजे पाणी तोडणं, ही कॅप्सूल आणि कार्बचा डोंगर हे तिन्ही एकत्र आलं की हृदयाची लय बिघडायला पुरेसं आहे. १९९२ मध्ये नेदरलँड्समधल्या स्पर्धेनंतर काही तासांत व्यावसायिक बॉडीबिल्डर मोहम्मद बेनाझिझा गेला, तेव्हा बोट डाययुरेटिक्सकडेच, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या औषधांकडेच, दाखवलं गेलं होतं. हे सगळं इतकं जुनं आहे, आणि तरी 'हर्बल'च्या डबीत घालून एका ५२ किलोच्या मुलीला दिलं जातं.

स्टेजमागे मी पंप यावा म्हणून रबरी बँड ओढत होतो आणि छातीत काही भरत नव्हतं. एरवी झोपेतून उठल्यावरही दिसणाऱ्या दंडावरच्या शिरा गायब होत्या. जीभ टाळूला चिकटलेली. क्वार्टर टर्न (पाव वळसा घेत चारी बाजू दाखवणं) कसेबसे झाले. साइड चेस्ट या बाजूने छाती दाखवायच्या पोझला टाच उचलून पोटरी आवळली आणि पोटरीत गोळा आला, मग मागच्या मांडीत, मग पोटात. उभा राहू शकलो नाही. हॉस्पिटलमध्ये रक्त तपासलं तर पोटॅशियम २.८. ते ३.५ ते ५ च्या दरम्यान असायला हवं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "लघवीची कुठली गोळी घेतली आहे का?" मी म्हटलं, हर्बल कॅप्सूल घेतली. ते म्हणाले, उरलेली जपून ठेवा.

सलाइन लागलं, पाणी प्यायलो, मीठ घातलेलं जेवलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात जो दिसला तो मला स्टेजवर हवा होता. दंड भरलेले, शिरा वर आलेल्या, पोटाचे कट्स स्पष्ट. आणि बेंबीखालची घडी? ती तशीच. शरीरातून एवढं पाणी जाऊनही ती कमी झाली नव्हती आणि सगळं परत येऊनही वाढली नव्हती. ती चरबी होती आणि कोचला ते ठाऊक होतं.

नंतरची वागणूकही ठरलेली असते. जे हरले त्यांना एकच प्रश्न, "चोरून पाणी प्यायलास ना?" जे जिंकले त्यांचे फोटो पुढच्या जाहिरातीत. पाणी न पिता हरल्याचा पुरावा कोण देणार? त्यामुळे ही पद्धत कधीच चुकत नाही, चुकतो तो फक्त पैसे भरणारा. डोप टेस्टमध्ये अडकलेल्या आमच्या मित्राचा रिपोर्ट आला तेव्हा कोचने सरळ हात वर केले, "त्याने बाहेरून काही घेतलं असेल," म्हणाला आणि ग्रुप बंद करून टाकला. डबीवर ना उत्पादकाचा पत्ता, ना बॅच नंबर, ना मुदतीची तारीख. डोपिंगच्या नियमात नमुन्यात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूवर असते. "कोचने दिलं" एवढ्याने कुणी सुटत नाही.

मग पीक वीकमध्ये करायचं काय? चरबीचं काम त्याच्या आधीच संपलेलं हवं. संपलं असेल तर त्या आठवड्यात फार काही करावंच लागत नाही. पाणी रोजच्यासारखं, मीठ रोजच्यासारखं. शेवटचे दोनतीन दिवस व्यायाम हलका आणि कार्ब वाढवायचे, पण आपल्या वजनाच्या हिशेबाने आणि पोटाला आधीपासून मानवणाऱ्या पदार्थांतूनच. शेवटच्या एकदोन दिवशी जास्त चोथ्याचं खाणं कमी केलं तर पोट आत राहतं. याची रंगीत तालीम काही आठवडे आधी एकदा करून बघा, रोज त्याच वेळी, त्याच उजेडात फोटो काढा. आपलं शरीर किती कार्बला भरतं आणि कितीनंतर पसरट दिसायला लागतं हे त्यातूनच कळतं, कुणाच्या छापील तक्त्यातून नाही. तालमीत न वापरलेलं काहीही, कॅप्सूल, पावडर, चहा, काढा, स्पर्धेच्या आठवड्यात तोंडात घालू नका. आणि धडधड, चक्कर, पेटके सुरू झाले तर कोचला नाही, डॉक्टरला फोन करा आणि काय काय घेतलं ते सगळं सांगा.

असल्या कॅप्सूल आधीच घेतल्या असतील तर उरलेल्या फेकू नका. डबी, झाकण, लेबल, पैसे दिल्याची पावती, कोचचे मेसेज, सगळं तारखेसकट ठेवा. उत्पादनातच न सांगितलेला बंदी असलेला पदार्थ होता हे दाखवता आलं तर शिक्षा कमी होऊ शकते, आणि त्यासाठी न उघडलेली डबी सगळ्यात मोलाची ठरते. आमच्या मित्राने सगळ्या कॅप्सूल आपल्या रोजच्या गोळ्यांच्या डब्यात ओतल्या होत्या आणि मूळ डबी कचऱ्यात गेली होती. त्या मुलीने जास्तीची म्हणून घेतलेली एक डबी सीलबंद राहिली होती. ती आणि माझा लॅब रिपोर्ट त्याच्या सुनावणीत जमा केला आहे. निकाल अजून यायचा आहे.