कोपर्निकस ब्राउझर: चेंबूरच्या हवेसाठी कितपत कामाचा?

चेंबूरला लागून असलेल्या, रिफायनऱ्यांच्या माहुलच्या बाजूने येणाऱ्या हवेबद्दल अर्ज करायचा तर हातात काही पुरावा हवा, म्हणून मी कोपर्निकस ब्राउझर ही उपग्रहांचे नकाशे दाखवणारी वेबसाइट वापरू लागले. युरोपच्या सेंटिनेल-5पी उपग्रहाचा डेटा इथे फुकट मिळतो. नायट्रोजन डायऑक्साइडचा (गाड्या-कारखान्यांच्या धुरातल्या वायूचा) थर, म्हणजे नकाशावरचा लेयर, लावायचा, तारीख टाकायची, की नकाशा रंगतो. एप्रिल 2019 आणि लॉकडाऊनचा एप्रिल 2020 आलटून पालटून बघा, मुंबईवरचा डाग किती विरला ते लगेच कळतं. एवढ्यासाठी तरी प्रत्येकाने तो एकदा उघडावाच.

पण झूम करत चेंबूरवर आलात की ठोकळे दिसतात. उपग्रहाची एक नोंद साधारण 5.5 बाय 3.5 किलोमीटरची असते. रिफायनऱ्या, खत कारखाना, वीज केंद्र आणि हायवेवरचे ट्रक, सगळं एक-दोन ठोकळ्यांत मावतं. नेमकं कोणत्या चिमणीतून किती, हे यातून सिद्ध होत नाही.

दुसरं त्याहून महत्त्वाचं. नकाशावरचा रंग म्हणजे उत्सर्जन नव्हे. जमिनीपासून वरपर्यंतच्या हवेत तो वायू एकूण किती आहे, एवढंच तो सांगतो. उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास जातो. तोवर खारे वारे सुटलेले असतात आणि आपल्याकडचा वायू खाडीपलीकडे वाशीकडे सरकलेला असतो. वाशीवरच्या लाल डागात आपलाही वाटा असू शकतो! उत्सर्जन काढायचं तर वाऱ्याचा वेग आणि दिशा घेऊन, प्रत्येक चौकोनात आलं किती आणि बाहेर गेलं किती याचा हिशेब मांडावा लागतो. शिवाय हा वायू उन्हात काही तासांतच नष्ट होतो, ती घटही धरावी लागते. त्यासाठी ईआरए5 (जगभरच्या जुन्या हवामानाच्या नोंदींचा युरोपीय संच) सारखा वाऱ्याचा डेटा वेगळा आणायचा, महिनोन्‌महिन्यांची सरासरी काढायची, म्हणजे पायथॉनमध्ये प्रोग्रामिंग जमणारं कुणीतरी सोबत हवं.

पावसाळ्यात ढगांमुळे नकाशा बहुतेक रिकामाच. आणि आमच्याकडे वास सुटतो तो रात्री. परावर्तित सूर्यप्रकाश मोजणाऱ्या यंत्राला रात्र दिसतच नाही, इंधनातून सुटणाऱ्या बेन्झीन या घातक वायूचा थर तर यात नाहीच. सल्फर डायऑक्साइडच्या थराच्या नादी मुंबईपुरतं लागू नका, त्यात खरा डाग कुठला आणि नुसता गोंधळ कुठला हे ओळखता येत नाही.

अर्जाला जोडायचं असेल तर एका दिवसाचा स्क्रीनशॉट नको. हिवाळ्यातल्या महिन्यांची सरासरी लावा आणि सोबत जवळच्या हवा मापन केंद्राचे रात्रीचे आकडे द्या.